गंधकावर तेल मारू नका

ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षबागा फुलोऱ्याकडे चालल्यात. निफाड, दिंडोरीकडे पहाटे दव, दुपारी ऊन, म्हणजे भुरीचे, पानावरच्या पांढऱ्या बुरशीचे दिवस. तिच्यावर गंधक मारतात. गंधक मारून आठवडाही होत नाही तोवर दुकानदार 'नैसर्गिक तेला'ची बाटली हातात देतो आणि चार दिवसांत पानांच्या कडा करपतात. अशा बागा मी दरवर्षी बघतो. शेतकरी म्हणतो, माल डुप्लिकेट निघाला. माल चांगलाही असेल, पण अंतर चुकलं.

गंधक आणि तेल यांत किमान १५ दिवस सोडा. आधी गंधक मारा की तेल, नियम हाच. निंबोळी, करंज, निलगिरी, गवती चहा, लवंग, सगळी तेलं यात आली. तेलासोबत गंधक पानात शिरतं आणि पान जाळतं.

तेलात दम नाही असं नाही. गवती चहातलं सिट्रल, लवंगेतलं युजेनॉल बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतं. पण ही सुगंधी तेलं उडून जातात, आणि पानात शिरलेल्या डावणीपर्यंत, म्हणजे ओलाव्यात वाढणाऱ्या दुसऱ्या रोगापर्यंत, पोचत नाहीत. पाऊस झाला असेल तर त्यांच्या भरवशावर एक दिवसही बसू नका.

बाटलीवर नोंदणी क्रमांक आणि घटकांचं प्रमाण नसेल तर परत करा. आत न सांगितलेलं रसायन निघालं की निर्यातीचा माल रेसिड्यूत, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशाच्या तपासणीत अडकतो, तेव्हा दुकानदार फोन उचलत नाही.

घरचा ५ टक्के निंबोळी अर्क: ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवा, गाळा, २०० ग्रॅम साबणचुरा घाला, पाणी १०० लिटर करा. यातही तेल असतंच, तेव्हा गंधकाची तारीख बघा. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम.

माझा अंदाज, शिफारस नव्हे: गवती चहाच्या तेलाने फुलकिडे दोनेक दिवस हटतात. करून बघायचं तर साबणाशिवाय नको, संध्याकाळी आणि पाचच वेलींवर. चार दिवस थांबा. मणी धरल्यावर घडांवर नकोच, मण्यावरचा पांढरा थर जातो.

बाकी कामं: फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) काढणे, शेंडा मारणे, घडाजवळची पानं विरळ करणे, ठिबक तपासणे.

शेवटचं गंधक कधी मारलं ते वहीत नसेल, तर तेलाची बाटली उघडूच नका.