यादृच्छिक बलाने ढवळलेला प्रवाह: सिम्युलेशनमधल्या या चुका टाळा

यादृच्छिक बलाखालच्या प्रवाहाचा अभ्यास करताना एक मोठी सोय हाताशी असते, आणि ती वापरायची राहून जाते. बल व्हाइट नॉइज असेल, म्हणजे या क्षणाच्या बलाचा पुढच्या क्षणाशी काहीच संबंध नसेल, तर प्रवाहात दर सेकंदाला सरासरी किती ऊर्जा जाणार हे आधीच ठरलेलं असतं. ते नॉइजच्या व्हेरिअन्सवर, म्हणजे त्याच्या चढउतारांच्या वर्गाच्या सरासरीवर, अवलंबून असतं, वेगावर नाही. हा आकडा आधी कागदावर काढा. खालच्या बऱ्याचशा चुका त्याच्याशी ताडून पाहिल्या की लगेच सापडतात.

सगळ्यात जास्त घोळ टाइम स्टेपमध्ये होतो, म्हणजे सिम्युलेशन एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं त्या तुकड्यात. नेहमीच्या बलासारखं यादृच्छिक बलालाही स्टेपने गुणलं, तर स्टेप निम्मी केल्यावर ऊर्जेचा दरही निम्मा होतो. वेगात पडणारी भर स्टेपच्या वर्गमुळाच्या प्रमाणात हवी. निम्म्या स्टेपने पुन्हा चालवून बघा. दर बदलला तर चूक इथेच आहे.

याचीच एक लपलेली बहीण आहे. चौथ्या क्रमाच्या रुंगे-कुट्टा पद्धतीत एक स्टेप चार टप्प्यांत मोजून त्यांची भारित सरासरी घेतात. त्या चारही टप्प्यांना नवा नॉइज दिला, तर १, २, २, १ या भारांमुळे व्हेरिअन्स १०/३६ वर येतो, म्हणजे जेमतेम २८ टक्के ऊर्जा आत जाते. कोड बिनतक्रार चालतो, आलेखही देखणे दिसतात, म्हणून ही चूक मला सगळ्यात घातक वाटते. एका स्टेपसाठी नॉइज एकदाच काढा.

ऊर्जा मोजतानाही फसगत होते. स्टेपच्या सुरुवातीचा वेग घेऊन बल गुणिले वेग याची सरासरी काढली, तर उत्तर शून्य येतं, कारण त्या वेगाला नव्या बलाची खबरच नसते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगाची सरासरी घ्या.

असंपीड्य प्रवाहात, म्हणजे जिथे घनता बदलत नाही तिथे, बलाचा अपसारी भाग (द्रव दाबू किंवा फुगवू पाहणारा) काढून टाकावा लागतो. त्रिमितीत त्यात एक तृतीयांश व्हेरिअन्स जातो, द्विमितीत निम्मा. बलाची पातळी त्यानंतर ठरवा.

द्विमितीय प्रवाह स्थिरावतच नाही, अशी अडचण येते तेव्हा कोडमध्ये दोष असेलच असं नाही. क्रेचनन यांनी १९६७ मध्ये दाखवलं की द्विमितीत ऊर्जा मोठ्या भोवऱ्यांकडे सरकते. तिथे श्यानता, म्हणजे द्रवाचं अंतर्गत घर्षण, जवळजवळ निष्प्रभ असते, त्यामुळे ऊर्जा साचत राहते. मोठ्या लांबीवर काम करणारं रेषीय घर्षण (वेगाच्या प्रमाणात रोखणारं बल) घाला.

औष्णिक चढउतारांची, म्हणजे रेणूंच्या उष्णतेमुळे होणाऱ्या हालचालींची, सूत्रं इथे लावू नका. तिथे नॉइज आणि श्यानता एकमेकांना बांधलेले असतात; इथे, त्रिमितीय प्रवाहात, ऊर्जा मोठ्या लांबीवर शिरते, लहान लांबीवर उष्णता होऊन संपते, आणि मध्ये तिचा सतत ओघ असतो. समतोल नाही, म्हणून समतोलातल्या ऊर्जेची वाटणी सांगणारं बोल्ट्समन वितरणही नाही.

त्रिमितीय प्रवाहासाठी शेवटची तपासणी कोल्मोगोरोव्ह यांच्या १९४१ च्या ४/५ नियमाची. दोन बिंदूंमधल्या अनुदैर्घ्य (त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेतल्या) वेगफरकाच्या घनाची सरासरी, मधल्या लांबींवर, म्हणजे उणे ४/५ गुणिले ऊर्जेचा दर गुणिले अंतर. रेनॉल्ड्झ संख्या (श्यानतेच्या तुलनेत प्रवाहाचा जोर किती, याचं माप) मध्यम असेल तर गुणक ४/५ पेक्षा कमी येतो, त्याने घाबरू नका. मात्र या सरासरीत धन आणि ऋण वाटे एकमेकांना खोडतात, त्यामुळे ती वर्गाच्या सरासरीपेक्षा खूप सावकाश स्थिरावते. सलग स्टेप्सचे नमुने स्वतंत्र समजू नका. मोठा भोवरा एकदा फिरायला लागणारा काळ हे माप धरा आणि असे पुष्कळ काळ जाऊ द्या.