ग्रीक तळांवर विमानांचे फोटो काढायला जाताय? मग ही तयारी करूनच निघा

सुरुवात कॅलेंडरपासून करा. ग्रीसमध्ये लष्करी तळाच्या कुंपणाशी उभं राहून विमानांचे फोटो काढायला मनाई आहे. तारेवर कॅमेऱ्यावर फुली मारलेली पाटी दिसली की कॅमेरा पिशवीतच राहू द्यायचा. म्हणून तळाचं फाटक बाहेरच्या माणसासाठी कधी उघडतं ते आधी शोधायचं आणि तिकीट, रजा, हॉटेल सगळं त्या तारखेला बांधायचं. ‘आधी अथेन्स गाठू, तिथे गेल्यावर विचारू’ हा बेत या छंदात उपयोगाचा नाही.

फाटक उघडतं ते ठरावीक वेळी. वसंत ऋतूत दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीस द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकाला, आंद्राविडा तळावर ‘इनिओकोस’ हा बहुराष्ट्रीय हवाई सराव होतो. त्यात फोटोग्राफरांसाठी वेगळा दिवस ठेवण्याची पद्धत आहे, पण त्यासाठी आधी नाव, पासपोर्टचा तपशील वगैरे देऊन मंजुरी घ्यावी लागते. सप्टेंबरमध्ये अथेन्सच्या उत्तरेला तानाग्रा तळावर ‘अथेन्स फ्लाइंग वीक’ भरतो. तो तिकीट काढून बघायचा एअर शो आहे, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला हाच सोपा. ८ नोव्हेंबर हा मायकेल आणि गॅब्रिएल या देवदूतांचा सण. हे दोघे ग्रीक हवाई दलाचे संरक्षक मानले जातात, त्यामुळे त्या सुमारास काही तळ लोकांसाठी खुले करतात. आणि तळाची पायरीही चढायची नसेल, तर २५ मार्चला अथेन्समधलं संचलन गाठा. राष्ट्रीय दिनाच्या त्या सोहळ्यात लढाऊ विमानं थेट शहरावरून जातात आणि भर रस्त्यात उभं राहून फोटो काढता येतात. सराव आणि सोहळे दोन्ही हवामान, जंगलातले वणवे किंवा एखादा आणीबाणीचा प्रसंग यांमुळे ऐन वेळी बदलू शकतात, म्हणून परतीचं तिकीट कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नका.

कागदपत्रांवर मी इतका भर का देतोय, त्याचं कारण सांगितलंच पाहिजे. ८ नोव्हेंबर २००१ रोजी कलामाता तळाच्या अशाच एका खुल्या दिवशी १२ ब्रिटिश आणि २ डच विमानप्रेमींना अटक झाली. विमानांच्या शेपटीवरचे नंबर वहीत टिपून ठेवायचे, हा ब्रिटनमधला जुना छंद. तिथल्या अधिकाऱ्यांना मात्र त्या वह्या हेरगिरीच्या वाटल्या. काही आठवडे कोठडीत गेल्यावर त्यांना जामीन मिळाला, एप्रिल २००२ मध्ये शिक्षा सुनावली गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपील कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. म्हणजे निर्दोष ठरायला वर्ष लागलं. तेव्हापासून ग्रीक हवाई दल फोटोग्राफरांशी पुष्कळ मोकळेपणाने वागू लागलंय, स्वतःहून बोलावतंयही. पण कायदा तोच आहे.

पहाऱ्यावरच्या जवानाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. एजियन समुद्रात ग्रीसची समुद्री हद्द ६ सागरी मैलांची आणि हवाई हद्दीचा दावा मात्र १० मैलांचा. तुर्कस्तान ही वरची ४ मैलं मानत नाही, आणि या समुद्रावर दोन्हीकडची विमानं वर्षानुवर्षं एकमेकांना अडवत आली आहेत. मे २००६ मध्ये कार्पाथोस बेटाजवळ अशाच झटापटीत दोन्ही देशांची दोन एफ-१६ लढाऊ विमानं एकमेकांवर आदळली आणि ग्रीक वैमानिक कोस्तास इलियाकिस यांनी प्राण गमावले. तुम्ही ज्या विमानाचा फोटो काढताय ते उद्या पहाटे खऱ्या कामावर निघणार असतं. त्या जवानाने ‘नाही’ म्हटलं की वाद घालायचा नाही, कॅमेरा खाली करायचा. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. लोहगावला प्रवासी विमानात बसूनही लष्करी भागाचे फोटो काढू देत नाहीत.

तर कागद. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, तेव्हा दोन-तीन महिने हाताशी ठेवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. तळाकडून आलेलं मंजुरीचं पत्र किंवा शोचं तिकीट छापून घ्या, ग्रीक मजकुरासकट. फाटकावर मोबाइलची स्क्रीन पुढे करण्यापेक्षा हातात कागद दिलेला बरा. अर्जात दिलेलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधे असतं, कधी नसतं, आणि यादीत नाव सापडलं नाही की रांग तिथेच अडते. मूळ पासपोर्ट अंगावर ठेवा, झेरॉक्स खोलीवर. गाडी भाड्याने घेणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या. आंद्राविडासाठी गाडी लागतेच. अथेन्सहून पात्रामार्गे चांगला महामार्ग आहे, पण तळ शेतीच्या सपाट मुलखात आहे आणि आजूबाजूची गावं लहान. मुक्काम पात्रा, अमालियादा किंवा किलिनी बंदराच्या बाजूला करावा, म्हणजे पहाटे फार गाडी हाकावी लागत नाही.

घरी काय ठेवून जायचं, हेही यादीतच येतं. ड्रोन घरी. हवाई संभाषण ऐकायचा स्कॅनर घरी. मोठी दुर्बीणही घरीच. या वस्तू घेऊन तळाच्या आसपास फिरणाऱ्याला प्रश्न विचारले जाणारच. नंबर टिपायची हौस असेल तर आत वही काढू नका. नंबर फोटोत येतोच, खोलीवर परत आल्यावर वाचा.

आता ज्यासाठी जायचं ते. माझ्या मते आज ग्रीसला जायचं पहिलं कारण फॅन्टम, हे जुनं अमेरिकी लढाऊ विमान. आंद्राविडाच्या ११७ व्या विंगमधली ३३८ वी स्क्वाड्रन त्याचा एफ-४ई हा प्रकार उडवते. ग्रीसमध्ये हे विमान १९७४ मध्ये आलं. जर्मनीने आपली फॅन्टम २०१३ मध्ये निवृत्त केली, जपानने २०२१ मध्ये. ग्रीसनेही टेहळणीची आरएफ-४ई २०१७ च्या मे महिन्यात लारिसा तळावरून निरोप देऊन थांबवली. अराक्सोस तळावरची ए-७ कोर्सेअर २०१४ मध्ये गेली, आणि त्या जातीचं विमान वापरणारा जगातला शेवटचा देश ग्रीसच होता. उरलेल्या फॅन्टमसाठी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नका.

फॅन्टम समोर आलं की काय टिपायचं ते आधी ठरवून ठेवा, कारण ते धावपट्टीवर थोडाच वेळ दिसतं. पंखांची टोकं वर वळलेली, मागची आडवी शेपटी खाली झुकलेली. हा विरोधाभास थेट समोरून किंवा थेट मागून दिसतो, बाजूने नाही. इंजिनांच्या मागच्या, ज्योत सोडणाऱ्या तोंडामागे पोटाचा भाग बिनरंगाच्या धातूचा आहे, उष्णतेने निळसर-तपकिरी झालेला. त्यावरचे रिव्हेट दुपारच्या उतरत्या उन्हात एकेक मोजता येतात. जोडीची जे-७९ इंजिनं काळा धूर सोडतात. तो धूर फोटोतून पुसू नका, तीच या विमानाची ओळख. आफ्टरबर्नर, म्हणजे जादा इंधन जाळून जोर वाढवणारी यंत्रणा, लागला की धूर विरतो आणि ज्योत दिसते, म्हणजे उड्डाणाच्या धावेत दोन वेगळे फोटो मिळतात, दोन्हींसाठी बोट तयार हवं.

तानाग्राला मजा वेगळी आहे. इथे मिराज २००० आणि राफेल एकाच तळावर आहेत. पहिली सहा राफेल १९ जानेवारी २०२२ ला इथेच उतरली. आपल्या हवाई दलाकडेही हीच दोन विमानं असल्याने भारतीय डोळ्यांना ती ओळखीची वाटतात, पण ग्रीक रंगसंगती आणि शेपटीवरची चिन्हं निराळी आहेत, तेव्हा शेपटीचे जवळचे फोटो जरूर घ्या. उलटा योगही जुळतो. २०२३ आणि २०२५ च्या इनिओकोसमध्ये भारताची सुखोई-३० एमकेआय आंद्राविडाला गेली होती. नाशिकजवळच्या ओझरला ज्या जातीची विमानं जुळवली गेली, ती फॅन्टमच्या शेजारी उभी! असं दृश्य दुसरीकडे कुठे मिळायचं? पुढच्या सरावात भारत आहे का, हे बघूनच अर्ज करा असं मी आग्रहाने सांगेन.

जुन्या विमानांसाठी तातोई, म्हणजेच देकेलिया. अथेन्सच्या उत्तरेच्या या तळावर ग्रीक हवाई दलाचं संग्रहालय आहे. एफ-१०४, मिराज एफ-१ अशी निवृत्त मंडळी इथे अगदी जवळून बघता येतात. इथे ३०० चं लेन्स काही कामाचं नाही, २४-७० किंवा त्याहून रुंद न्या. पण तातोईचं खरं वैभव म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, स्पिटफायर एमजे७५५. युद्धानंतर १९४७ मध्ये ती ग्रीसला मिळाली, पुढे अनेक वर्षं नुसती मांडून ठेवली होती. मग इंग्लंडमध्ये बिगिन हिलला तिची दुरुस्ती झाली, २०२० मध्ये ती पुन्हा उडाली आणि मे २०२१ मध्ये स्वतःच्या इंजिनावर उडत मायदेशी परतली. महायुद्धात मायभूमी शत्रूच्या हाती असताना ३३५ आणि ३३६ या ग्रीक स्क्वाड्रन मध्यपूर्वेतून लढल्या, पुढे त्यांनीही स्पिटफायर उडवली. त्याच क्रमांकांच्या स्क्वाड्रन आज अराक्सोसवर एफ-१६ उडवतात. हे ठाऊक असलं की फ्रेममध्ये काय घ्यायचं ते आपोआप कळतं.

लेन्सचं बोलायचं तर १००-४०० किंवा १५०-६०० यांतलं एक पुरेसं आहे. जेटसाठी शटर १/१००० च्या वर ठेवा. स्पिटफायर किंवा टी-६ टेक्सनसारख्या पंख्याच्या विमानांसाठी १/१६० ते १/२५० पर्यंत उतरा, नाहीतर पंखा गोठलेला दिसतो आणि विमान हवेत टांगल्यासारखं वाटतं. हा सराव निघण्याआधी घरीच करा, रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलींवर. करड्या विमानामागे उजळ आकाश असेल तर एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवा.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे तापलेल्या डांबरावरची थरथरती हवा. सकाळी दहानंतर धावपट्टीच्या दूरच्या टोकाचे फोटो पाण्याखालून काढल्यासारखे येतात आणि कितीही महागडं लेन्स असो, ते सुधारत नाही. जमिनीवरचे फोटो पहाटे आणि संध्याकाळी, मधल्या वेळेत फक्त उडणारी विमानं. नकाशावर धावपट्टीची दिशा बघून ठेवा. आंद्राविडाची साधारण उत्तर-दक्षिण आहे, तानाग्राची पूर्व-पश्चिम. तुम्हाला कुठल्या बाजूला उभं करणार हे आधी कळलं तर ऊन कधी पाठीवर येईल याचा अंदाज बांधता येतो.

कानात घालायचे बोळे विसरू नका. दोन फॅन्टम एकत्र निघाली की छाती हादरते. टोपी, दोन लिटर पाणी, जादा बॅटऱ्या, दोन-तीन कार्डं. लेन्स बदलायचं असेल तर इंजिनांच्या मागच्या झोतापासून लांब जाऊन, पाठ फिरवून बदला.

खानिया (सूदा), अराक्सोस, कलामाता, वोलोसजवळचं नेआ आंखिआलोस, प्रेवेझाचं आक्तिओ इथे लष्करी धावपट्टीवरच प्रवासी विमानंही उतरतात. खिडकीतून समोर एफ-१६ चे बंदिस्त निवारे दिसले तरी मोबाइल खिशातच. तुमच्याकडे त्या तळाची परवानगी नाही, फक्त विमानाचं तिकीट आहे.

फोटो टाकण्याआधी प्रत्येकाची पार्श्वभूमी मोठी करून बघा. निवारे, अँटेना, दारूगोळ्याच्या गाड्या, मेकॅनिकांचे चेहरे दिसत असतील तर कापा किंवा तो फोटो घरातच ठेवा. सराव चालू असताना त्याच दिवशी काही टाकू नका. मंजुरीच्या पत्रात याबद्दल वेगळ्या अटी असतील तर त्या पाळा, आणि पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी ते पत्र जपून ठेवा.