पणजीच्या फोंतेन्हासमध्ये जुन्या घरात राहताय? या चुका टाळा

गोव्यात बजेटमध्ये राहायचं म्हटलं की आपली मंडळी थेट कळंगुट-बागा शोधायला लागतात आणि फोंतेन्हासला फक्त फोटो काढण्यापुरती तासभर येतात. खरं तर आल्तिनोची टेकडी आणि ओरेमची खाडी यांच्या मधल्या या गल्ल्यांमध्ये पोर्तुगीज काळातल्या घरांची छान गेस्ट हाऊसेस झालीयेत, आणि सीझन सोडला तर बरेचदा बीचजवळच्या साध्या हॉटेलच्याच भावात मिळतात. पण लोक ती नेहमीच्या हॉटेलसारखी बुक करतात आणि मग रिव्ह्यूमध्ये वाईट लिहितात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हॉटेल बघून बुकिंग करणं. इथे खोली बघायची, कारण ही घरं कुटुंबांसाठी बांधलेली, त्यामुळे एकाच घरात रस्त्याकडची खोली प्रशस्त, उंच छताची, बाल्कनीवाली असते आणि मागची कधीकाळी कोठार किंवा स्वयंपाकघर असलेली, एकच छोटी खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. साइटवर दोन्ही ‘डिलक्स’ म्हणूनच दिसतात आणि फोटो अर्थातच पुढच्या खोलीचा. म्हणून सरळ फोन करा, खोली कुठल्या मजल्यावर, कुठल्या बाजूला ते विचारा आणि खिडकी उघडून बाहेर काय दिसतं त्याचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर मागवा. चांगला मालक लगेच पाठवतो, टाळाटाळ करत असेल तर दुसरं घर बघा. गच्च झोप हवी असेल तर बाल्कनीचा मोह सोडा, ३१ जानेवारी रोडवर सकाळपासून स्कूटरी सुरू होतात आणि लाकडी खिडक्या आवाज अडवत नाहीत. वरचा मजला लाकडी असेल तर खालच्या खोलीत वरच्यांची पावलं ऐकू येतात, तेव्हा शक्यतो वरचीच घ्या, फक्त आजी-आजोबा सोबत असतील तर जिना आधी विचारा कारण लिफ्ट बहुतेक घरांत नाहीच.

पावसाळ्यात भाव उतरतात म्हणून जाणारे बरेच, आणि जावंच, तेव्हाचं फोंतेन्हास सुंदर असतं. पण चिऱ्याच्या जाड भिंती ओल धरतात, कुबट वास येतो. तळमजल्याची खोली तेव्हा नको. ओले कपडे खोलीत वाळत घालू नका, दिवसा पंखा चालू ठेवा, एसी असेल तर ड्राय मोडवर टाका, तासाभरात फरक कळतो. भिंतीला हात लावून पाहिला आणि ती खरंच दमट लागली तर सामान उघडायच्या आधीच खोली बदलून मागा.

कौलारू उंच छताखाली एसी लवकर गारवा देत नाही, तो बिघडलेला नसतो, सोबत पंखा लावा. गीझर छोटा असेल तर एकामागून एक चौघांनी आंघोळ केली की शेवटच्याला थंड पाणी, मधे थोडा वेळ सोडा. गीझर आणि एसी एकदम लावल्यावर एमसीबी (लोड वाढला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर एका वेळी एकच लावा आणि मालकाला सांगा. वायफाय जाड भिंतींमुळे खोलीत लंगडतं, ऑफिसचा कॉल असेल तर बाल्कनीत किंवा बैठकीच्या खोलीत बसा.

तारखाही आधी बघून घ्या. नोव्हेंबरमध्ये इफ्फी म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, तो २००४ पासून पणजीत भरतोय, मग ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त (सेंट फ्रान्सिस झेवियरचा उत्सव), त्यानंतर ख्रिसमस, पुढे कार्निव्हल. या दिवसांत स्वस्त खोली शोधत बसू नका, आधीच घेऊन ठेवा नाहीतर तारखा बदला. आणि समुद्र दारात नाहीये बरं का, सगळ्यात जवळचा मिरामार, साधारण तीनेक किलोमीटर.

गाडी घेऊन गल्लीत शिरू नका. रस्ते अरुंद, एका गाडीमागे अख्खी रांग अडकते. पार्किंग कुठे करायचं हे मालकाला आधीच विचारा आणि शेवटचं अंतर चालत जा. रेल्वेने येणार असाल तर मडगावपर्यंत जाण्यापेक्षा गाडी थांबत असेल तर करमळीला उतरा, तिथून पणजी दहा-बारा किलोमीटर.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायचीये. दिसेल त्या रंगीत दारासमोर, कुणाच्याही पायऱ्यांवर बसून शूट करू नका. आत माणसं राहतात, दुपारी झोपतात, रोज त्यांच्या दारात कपडे बदलून पोझ देणाऱ्या ग्रुपना ती वैतागलीयेत आणि काही घरांवर तशा पाट्याही लागल्यात. सेंट सेबॅस्टियन चॅपेल बाहेरून निवांत बघा, एकोणिसाव्या शतकातलं आहे, आतला क्रूस पूर्वी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यात होता, त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. आत जायचं तर प्रार्थनेची वेळ नाही ना ते बघून, शांतपणे.

चेक-आउटच्या दिवशी टॅक्सीच्या मागे लागू नका, बहुतेक ठिकाणी बॅगा संध्याकाळपर्यंत ठेवून घेतात, फक्त आदल्या रात्री सांगून ठेवा, मग कदंबा स्टँडवर चालत जाऊन जुन्या गोव्याची बस पकडा, अर्ध्या दिवसात आरामात होतं.