सेंद्रिय पशुपालनाच्या नियमांचा मसुदा आला, हरकत कशी लिहायची?

"छोट्या शेतकऱ्याचा विचार व्हावा" अशी सूचना पाठवली तर मसुदा लिहिणाऱ्याला तिचं काहीच करता येत नाही. कुठल्या कलमातला कुठला शब्द बदलायचा, हे त्यात नसतं. कामाच्या हरकतीत चारच गोष्टी लागतात: कलमाचा क्रमांक, तिथले आत्ताचे शब्द, त्याऐवजी हवे असलेले शब्द आणि गोठ्यातून मोजून आणलेलं कारण. पुणे जिल्ह्यातल्या पशुपालकांनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हे चार रकाने भरायला शिकणं फार गरजेचं आहे. इथली दावण, इथलं उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) आणि इथले मेंढ्यांचे वाडे (फिरत्या मेंढपाळांचे तळ) दिल्लीत बसून कुणाला दिसत नाहीत.

आधी मसुदा कुणाचा ते पाहा. निर्यातीसाठीचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, म्हणजे एनपीओपी, वाणिज्य मंत्रालयाचा आहे. तो अपेडा ही त्या मंत्रालयाची कृषी-निर्यात संस्था राबवते आणि त्याची आठवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली. देशात 'सेंद्रिय' म्हणून माल विकण्याचे नियम एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, २०१७ सालचे. ते एनपीओपी आणि पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची तपासणी करण्याची पद्धत) या दोन्ही प्रमाणीकरणांना मान्यता देतात. औंधचं पशुसंवर्धन आयुक्तालय आणि शिवाजीनगरचं कृषी आयुक्तालय हे नियम लिहीत नाहीत. त्यांना प्रत जरूर द्या, पण मूळ हरकत मसुद्यात दिलेल्या पत्त्यावरच गेली पाहिजे.

दुसरी गोष्ट तारखेची. एफएसएसएआयचे विनियम राजपत्रात आधी मसुदा म्हणून छापावे लागतात. सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २३ नुसार, ठरवून दिलेल्या तारखेआधी आलेल्या हरकती विचारात घेणं बंधनकारक आहे. तारीख उलटली की ते बंधन संपतं. मुदत किती दिवसांची आणि ती कुठल्या दिवसापासून मोजायची, हे मसुद्याच्या पहिल्याच परिच्छेदात असतं. बऱ्याचदा ती राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून धरतात, छापील तारखेपासून नाही. तरी आपण छापील तारीखच धरावी आणि शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी पाठवून मोकळं व्हावं. अंतिम अधिसूचना निघाल्यावर लिहिलेलं पत्र हे निवेदन होतं, हरकत नव्हे.

मसुदा वाचताना शेजारी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या आयोगाची, सेंद्रिय अन्नाबाबतची मार्गदर्शक तत्त्वं ठेवा. ती १९९९ ची आहेत, पशुपालनाचा भाग त्यात २००१ साली आला. मसुद्यातली अट कोडेक्सपेक्षा कडक असेल, तर "आंतरराष्ट्रीय चौकटीत जे चालतं ते इथे का नको?" हा प्रश्न विचारता येतो. ती तितकीच असेल तर नुसता विरोध टिकत नाही. मग अंमलबजावणीची मुदत आणि पद्धत यावर बोलावं.

खाद्याच्या कलमात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून तिथे वेळ द्या. कोडेक्समध्ये, सक्षम प्राधिकरणाने ठरवलेल्या अंमलबजावणीच्या काळात, रवंथ करणाऱ्या जनावरांचा किमान ८५ टक्के आहार सेंद्रिय हवा, आणि हे प्रमाण शुष्क पदार्थावर, म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या वजनावर, मोजायचं असतं. चारशे किलोच्या गाईचं उदाहरण घ्या. हिरवा चारा २५ किलो, कडबा ४ किलो, खुराक (पेंड, भरडा) ३.८ किलो. ओल्या वजनावर खुराक साडेअकरा टक्के भरतो. वाटतं, बाहेरचा बिगर-सेंद्रिय खुराक घेतला तरी १५ टक्क्यांच्या आत बसलो. पण हिरव्या चाऱ्यात शुष्क पदार्थ साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे ५ किलो. कडब्यातून ३.६ आणि खुराकातून ३.४ किलो येतो. एकूण १२ किलो. आता खुराकाचा वाटा २८ टक्के झाला. ओल्या वजनाचा हिशोब जोडलेली हरकत पहिल्याच वाचनात बाद होते.

टक्केवारी जमली तरी सरकी पेंड अडते. देशातला बहुतांश कापूस बीटी आहे आणि जनुकीय बदल केलेलं खाद्य सेंद्रियमध्ये चालत नाही. द्रावक वापरून तेल काढलेली पेंडही कोडेक्सला मान्य नाही, घाण्याची चालते. युरियाचंही तसंच. शंभर किलो वाळलेल्या चाऱ्याला ४ किलो युरिया लावायची शिफारस विस्तारसेवेतून वर्षानुवर्षं होत आली, आणि सेंद्रियमध्ये तीच प्रक्रिया निषिद्ध आहे. इथे बंदी उठवा म्हणू नका, ते होणार नाही आणि होऊही नये. त्याऐवजी मागा: घाण्याच्या पेंडीचा पुरवठा उभा राहीपर्यंत टप्प्याटप्प्याची मुदत, आणि पेंड जनुकीय बदल न केलेल्या वाणाची आहे हे सिद्ध करायला कुठला कागद चालेल याचा स्पष्ट उल्लेख. वाढ्यासाठीही असंच विचारा. फवारलेल्या उसाचं वाढं बिगर-सेंद्रिय वाट्यात धरायचं की पूर्ण वर्ज्य, हे कलमात लिहिलेलं असलं पाहिजे. नाहीतर प्रत्येक निरीक्षक आपापला अर्थ लावेल.

दावणीची हरकत अशी लिहिता येईल. आत्ताचे शब्द समजा "जनावरे बांधून ठेवू नयेत" असे आहेत. प्रस्तावित शब्द: "पाच किंवा कमी मोठी जनावरे असलेल्या गोठ्यात, रोज किमान चार तास मोकळे सोडले जात असल्यास, रात्री व धारेच्या वेळी दावणीला बांधता येईल." कारण: कोडेक्सही सक्षम प्राधिकरणाच्या मंजुरीने बांधायला मुभा देतं. भोर-पुरंदरकडे दोन-तीन गुंठ्यांत घर आणि गोठा एकत्र असतो, तिथे कायमचा मुक्त संचार गोठा बसत नाही. आकडे तुमच्या गोठ्याचे घाला. पाच आणि चार हे नमुन्यापुरते आहेत.

औषधाच्या कलमात कालावधीचं गणित करून दाखवा. औषधानंतर दूध न विकण्याचा जो कालावधी कायद्याने ठरलेला असतो, कोडेक्सनुसार त्याच्या दुप्पट, आणि कमीत कमी ४८ तास, दूध सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. कासदाहाच्या औषधाचा कालावधी ७२ तास असेल तर १४४ तास, म्हणजे सहा दिवस आणि बारा धारा. हे दूध वेगळं ठेवायला संकलन केंद्रावर वेगळा कॅन आणि वेगळी नोंद लागते. ती जबाबदारी पशुपालकाची की केंद्राची, हे मसुद्यात नसेल तर ते लिहायला सांगा. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी चालतात. लसीकरण आणि उपचार यांत गल्लत करून हरकत लिहू नका.

फिरत्या मेंढपाळांचा प्रश्न मसुद्यात येतच नाही, असं फार वेळा होतं. बारामती, इंदापूर, दौंडकडचे वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मोकळं चरणं, शेतात मेंढ्या बसवून खत देणं, हे सेंद्रियच्या मूळ हेतूला गोठ्यापेक्षाही जवळचं आहे. पण नियम जमिनीचा गट क्रमांक मागतो. त्यासाठी गट क्रमांकाऐवजी कळपाची वही सुचवा: तारीख, गाव, शेतमालकाची संमती, आधीचं पीक, शेवटच्या फवारणीची तारीख. प्रमाणीकरण जमिनीला न देता कळपाला द्यावं, असा नवा पोटकलमाचा मजकूर लिहून पाठवा. उत्पादक कंपन्यांनी हे काम मेंढपाळांसाठी करून द्यायला हवं. वाड्यावर राजपत्र वाचायला कुणी बसत नाही.

शहरात थेट घरोघर दूध देणाऱ्यांनी सवलतीचं कलम पाहावं. वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असलेल्या मूळ उत्पादकाला थेट ग्राहकाला विकताना प्रमाणीकरणातून सूट आहे. नव्या मसुद्यात ती मर्यादा तशीच आहे का, हे तपासा.

पाठवताना दोन पानांत तक्ता आणि मागे पुरावे: कानातल्या बिल्ल्याच्या बारा अंकी क्रमांकासह जनावरांची यादी, पेंडीच्या पावत्या, पशुवैद्यकाच्या उपचाराच्या चिठ्ठ्या, संकलन केंद्राच्या दूध-पावत्या. आधार आणि बँक खात्याचे आकडे झाकून टाका. तक्ता इंग्रजीत किंवा हिंदीत, सोबत सह्यांची मराठी प्रत. दुधाचा दर, अनुदान, विमा यांचा एक शब्दही त्यात नको. एकाच मजकुराच्या शंभर प्रतींपेक्षा वेगवेगळ्या गोठ्यांचे दहा हिशोब जास्त वजनदार ठरतात. ईमेल पोहोचल्याचं उत्तर येत नसेल, तर टपालानेही पाठवा आणि पोच जपून ठेवा.

अंतिम अधिसूचना निघाली की आपल्या तक्त्यात पाचवा रकाना जोडा: मान्य, अंशतः मान्य, अमान्य. अमान्य झालेल्या कलमांसाठी माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा आणि आपल्या हरकतीवरची टिपणी व बैठकीचं इतिवृत्त मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. त्या टिपणीत जे कारण दिलं असेल, त्याला उत्तर देणाऱ्या नोंदी आजपासूनच गोठ्याच्या वहीत सुरू करा. पुढच्या आवृत्तीच्या मसुद्याला त्याच लागतील.