आजोबांच्या युद्धसेवेचा माग
धुळे-जळगावकडच्या ज्या घरांतून आजोबा दुसऱ्या महायुद्धात (१९३९-४५) लढायला गेले, तिथे शोधाची सुरुवात सर्वांत थोरल्या आत्यांपासून करावी आणि त्या "अप्पा बर्मात होते" म्हणाल्या, तर ते वाक्य तारखेसह, जसेच्या तसे वहीत उतरवावे. आजोबांचा फोटो चौकटीच्या काचेला चिकटला असेल तर मुळीच ओढू नये; सुटा असल्यास मागे स्टुडिओचा शिक्का आहे का, ते पाहावे. टोपीवरचा बिल्ला भिंगातून पाहिल्यास पलटण ओळखता येते. पत्र्याच्या पेटीत सहा टोकांचा पिवळसर तारा, म्हणजे युद्धपदक, सापडला, तर त्यावर आफ्रिका, इटली किंवा बर्मा अशी युद्धभूमी इंग्रजीत कोरलेली असू शकते. सैनिक क्रमांक मात्र सर्वांत मोलाचा. तो मिळताच पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला, पत्र लिहावे. उदाहरणार्थ, मराठा लाइट इन्फंट्री या पलटणीचे केंद्र बेळगावला आहे.