रात्रीच्या मॅचचे फोटो काळे, हललेले, पिवळट येतायत? मग या चुका टाळा

नाशिकात थंडी पडायला लागली की सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड, कुठेही जा, एखाद्या मोकळ्या मैदानावर रात्रीची टेनिस क्रिकेट नाहीतर कबड्डी चालू असते आणि कडेला कॅमेरा गळ्यात घालून दोन-चार पोरं उभी असतातच. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो पडतात आणि त्यातले बरेचसे बघवत नाहीत. पोरांनी मेहनत घेतलेली असते, कॅमेरेपण बरे असतात, गडबड होते ती सेटिंगमध्ये, आणि चुका सगळीकडे त्याच त्याच असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

दिवसाची सेटिंग रात्री वापरणं

गोल्फ क्लबवर, म्हणजे आपल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजीच्या मॅच होतात त्या दिवसा. तिथे दुपारच्या उन्हात एफ ५.६ (अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक; आकडा लहान तेवढं भोक मोठं), १/२००० (शटर, म्हणजे किती सेकंद उजेड आत घ्यायचा), आयएसओ २०० (कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो) वर निवांत फोटो निघतो. रात्री चार खांबांवरच्या लाईटचा उजेड त्या उन्हापेक्षा शेकडो पट कमी असतो, पण आपला डोळा अंधाराला लगेच सरावतो त्यामुळे आपल्याला वाटतं अरे इथे तर भरपूर उजेड आहे. कॅमेऱ्याला तसं वाटत नाही. मग ऑटोवर किंवा प्रोग्रॅम मोडवर तो काय करतो, शटर १/६० नाहीतर १/८० पर्यंत खाली आणतो, आणि चढाईला गेलेला पोरगा फोटोत नुसता फराटा होऊन जातो.

रात्रीच्या खेळात पहिलं शटर ठरवायचं, बाकी सगळं त्याच्या मागून. कबड्डी-खोखोला १/५०० च्या खाली शक्यतो जाऊ नका, क्रिकेटला बॉलरचा हात आणि बॅटचा फटका धरायचा असेल तर १/८०० ते १/१०००. मग अॅपर्चर लेन्सवर असेल तेवढं मोठं उघडा. आणि मग जे काही कमी पडेल ते आयएसओने भरून काढा. सुरुवातीला एफ २.८, १/५००, आयएसओ ६४०० लावून एक फ्रेम घ्या आणि तिथून वर-खाली करा, आपल्याकडच्या साध्या मैदानांवर साधारण याच्याच आसपास येऊन थांबतं.

किट लेन्सवर हट्ट

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ एमएमची किट लेन्स पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर जाते. एफ २.८ पेक्षा तिथे चौपट कमी उजेड आत येतो, म्हणजे जिथे ६४०० मध्ये भागत होतं तिथे २५६०० लागणार. स्वस्तातला उपाय म्हणजे ५० एमएम एफ १.८. एफ ५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहापट उजेड, २५६०० च्या जागी साधारण २५०० मध्ये काम होतं, आणि बऱ्याच कंपन्यांच्या लेन्समध्ये ही अगदी स्वस्तातल्यांपैकी असते. कबड्डीचं मैदान पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर, आपण अगदी लाईनपाशी बसलेलो असतो, त्यामुळे ५० किंवा ८५ मध्ये काम छान होतं. क्रिकेटला मात्र ही पुरत नाही, तिथे ७०-२०० एफ २.८ च लागते, ती विकत घ्यायची घाई करू नका, टुर्नामेंटपुरती भाड्याने आणा.

एक लक्षात ठेवा, एफ १.८ वर शार्प पट्टा फार बारीक असतो. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा छोटा सेन्सर) ८५ एमएम लावून ५ मीटरवरचा खेळाडू घेतला तर जेमतेम वीतभर. चेहरा शार्प आणि पुढे आलेला हात धूसर असं होणारच, ते चालतं, पण हात शार्प आणि चेहरा धूसर झाला तर फोटो गेला.

आयएसओला घाबरणं

हे सगळ्यात जास्त दिसतं. कोणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं की १६०० च्या वर गेलास की फोटो खराब, आणि तेच मनात बसतं. मग १६०० वर अंधारा फोटो काढायचा आणि घरी येऊन मोबाईलवर ब्राईटनेस ओढायचा. असं केलं की सावल्यांमध्ये जांभळट-हिरवे ठिपके वर येतात आणि चेहऱ्याची कातडी मातकट दिसते. त्यापेक्षा मैदानावरच ६४०० ठेवून नीट उजळ काढलेला फोटो कितीतरी स्वच्छ निघतो. जास्तीचा ग्रेन (दाणेदारपणा) नंतर कमी करता येतो, लाईटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून एआय डीनॉईज आलंय ते खरंच चांगलं काम करतं, फक्त त्याला रॉ फाईल (जेपीईजी न केलेली मूळ फाईल) लागते, म्हणून रॉवर काढा. हललेल्या फोटोला मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट औषध नाही. आणि आपले बहुतेक फोटो शेवटी व्हॉट्सअॅपवर जाणार, तिथे फोटो बारीक झाला की ग्रेन दिसतसुद्धा नाही.

लाईट लुकलुकतायत हे न बघणं

आता मुख्य मुद्दा, आणि याच्याकडे कोणी लक्षच देत नाही. तुम्ही एकच बर्स्ट मारला, चढाईवाला बोनसला पाय टाकतोय, लागोपाठ सात-आठ फ्रेम. सेटिंग तीच, जागा तीच. घरी येऊन बघता तर पहिली फ्रेम बरी, दुसरी काळपट, तिसरी पिवळी, चौथीत वरचा अर्धा भाग उजळ आणि खालचा अंधारा. मग कॅमेरा बिघडला म्हणून पोरं सर्व्हिस सेंटरला घेऊन जातात. कॅमेरा ठणठणीत असतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे जुने मेटल हलाईड आणि स्वस्तातले एलईडी फ्लडलाईट सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला कळत नाही. पण १/१००० ला कॅमेरा त्या चढउताराचा एक दशांश तुकडाच उचलतो, तो तुकडा वरचा आला तर फोटो उजळ, खालचा आला तर काळा. मेटल हलाईडमध्ये तर उजेडाबरोबर रंगही बदलतो, म्हणून ती मधेच पिवळी फ्रेम. मोठ्या स्टेडियममध्ये लाईट थ्री फेजवर, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या लाइनींवर, वाटून लावलेले असतात, एक मंदावला तर दुसरा वर असतो, त्यामुळे तिथे एवढा त्रास होत नाही. आपल्याकडे मंडप-डेकोरेशनवाला सगळे लाईट एकाच फेजवर टाकून देतो, त्याचा दोष नाही, त्याला उजेड पाडायला सांगितलेला असतो तो पाडतो.

मॅच सुरू व्हायच्या आधी एक टेस्ट करा. १/५०० वर एखादा पांढरा बॅनर किंवा भिंत घेऊन बर्स्ट मारा, दहा-पंधरा फ्रेम, आणि एकामागून एक बघा. उजेड बदलतोय का, आडवा पट्टा येतोय का. मोबाईलचा स्लो मोशन लावून लाईटकडे धरला तरी लगेच लुकलुक दिसते. दिसली तर मेनूत अँटी-फ्लिकर किंवा फ्लिकर रिडक्शन शोधा. कॅननने २०१४ मध्ये सेव्हन डी मार्क टू या कॅमेऱ्यात ते आणलं, आता निकॉन, सोनीच्याही बऱ्याच बॉडीत असतं. कॅमेरा लाईटचा ताल ओळखतो आणि नेमका उजेड वर असताना शटर सोडतो, बर्स्टचा स्पीड थोडा घटतो, घटू द्या.

जनरेटरवर लाईट असतील तर हे कधीकधी गोंधळतं, कारण जनरेटरचे ५० हर्ट्झ पक्के नसतात, लोड बदलला की तेही हलतात. आणि मिररलेसवाल्यांनो (आत आरसा नसलेला कॅमेरा वापरणाऱ्यांनो), तो आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर रात्री बंद ठेवा. त्यात सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो, लुकलुकत्या लाईटखाली फोटोभर झेब्र्यासारखे पट्टे उमटतात आणि ते एडिटिंगमध्ये काढता काढता रात्र जाते. मेकॅनिकल शटरवर या.

कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर नसेल तर? लांब बर्स्ट मारा आणि त्यातली चांगली फ्रेम निवडा, दुसरा सोपा मार्ग नाही. फक्त जिथे कोणी पळत नाहीये, टॉस, टाईमआऊटमधला कोच, कडेला बसलेली पब्लिक, ट्रॉफी, तिथे शटर बरोबर १/१०० वर आणा, एक पूर्ण चढउतार पकडला जातो आणि सगळे फोटो एकसारखे येतात.

व्हाईट बॅलन्स ऑटोवर सोडणं

एका खांबावर पांढरा एलईडी, दुसऱ्यावर पिवळा हॅलोजन, मागे स्पॉन्सरचा निळा स्क्रीन. ऑटो व्हाईट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सेटिंग) प्रत्येक फ्रेमला वेगळा अंदाज बांधतो आणि एकाच टीमची जर्सी तीन रंगांत दिसते. साधा कोरा कागद खिशात ठेवा. मैदानाच्या मध्ये, खेळाडू जिथे असणार तिथे कोणाला तरी कागद धरायला सांगा, फ्रेम भरून फोटो घ्या आणि त्याच्यावरून कस्टम व्हाईट बॅलन्स सेट करा. हा कागदाचा फोटो १/५० वर घ्यायचा बरं का, फास्ट शटरवर घेतला आणि नेमका पिवळा तुकडा सापडला तर रात्रभराचा रंग बिघडेल.

ऑटो आयएसओ आणि काळं आकाश

फ्रेममध्ये मागे अंधार जास्त आला की कॅमेऱ्याला वाटतं फोटो काळा आहे, तो आयएसओ वर नेतो आणि चेहरे पांढरेफटक. उलट फ्रेममध्ये फ्लडलाईट शिरला की सगळं मिट्ट काळं. लाईट काय जागचे हलत नाहीत, मग एक्सपोजर कशाला हलायला पाहिजे? कबड्डीला सरळ फुल मॅन्युअल करा, एकदा जमवलं की शेवटच्या चढाईपर्यंत हात लावायची गरज नाही. क्रिकेटला जरा वेगळं आहे, पीचवर उजेड असतो आणि बाउंड्रीकडे एक-दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणून दोन्हीकडचा आयएसओ आधीच बघून ठेवा, कॅच वर उडाला की डायल फिरवून तिकडचा आयएसओ लावायचा.

आणि मागच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. अंधारात स्क्रीन भलतीच उजळ दिसते, अंडर, म्हणजे काळपट निघालेला फोटोपण झकास वाटतो. हिस्टोग्राम (फोटोत उजेड-अंधार किती ते दाखवणारा आलेख) बघा, आणि अधूनमधून चेहऱ्यावर झूम करून फोकस बघा.

फोकस

सिंगल शॉट फोकसवर पळणारा माणूस मिळत नाही, कंटिन्युअसवर ठेवा, कॅननला सर्वो, निकॉन-सोनीला एएफ-सी. सगळे पॉईंट चालू ठेवले तर कॅमेरा मागच्या बॅनरवरच्या मोठ्या अक्षरांना जाऊन चिकटतो, कारण अंधारात त्याला कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदमधला ठळक फरक) लागतो आणि बॅनरवर तो भरपूर असतो. मधला एक पॉईंट किंवा छोटा झोन घ्या आणि तो छातीवरच्या नंबरवर नाहीतर कॉलरवर ठेवा. समोरचा लाल-हिरवा असिस्ट लॅम्प बंद करा, खेळाडूच्या डोळ्यात जातो. फ्लॅशचं तर नावच नको.

कबड्डीत चढाई ३० सेकंदांची, पहिल्यापासून बटण दाबून ठेवलं तर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि नेमका अँकल होल्ड (घोट्याची पकड) बसला तेव्हा कॅमेरा अडकतो. सुरुवातीला फोकस नुसता त्याच्यासोबत फिरवत राहा. कॉर्नरवाला गुडघ्यातून वाकला, हात जमिनीकडे गेले, की आता पकड येणार हे कळतं, तिथे छोटा बर्स्ट मारा. थर्ड रेड असेल, म्हणजे आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या असतील, तर आधीच तयार राहा, त्याला पॉईंट काढावाच लागतो. उडी मारून सुटणारा पोरगा उडीच्या अगदी वरच्या टोकाला क्षणभर जवळजवळ थांबतो, तिथे १/३२० वरसुद्धा फोटो वाचतो.

उभं कुठे राहायचं

लाईटचा खांब आपल्या पाठीशी किंवा खांद्यामागे पाहिजे, म्हणजे उजेड खेळाडूच्या तोंडावर पडतो. बरेच जण जिथे खुर्ची मिळाली तिथून काढतात, समोर खांब, मग चेहरे काळे आणि फोटोत हिरवे गोळे. ते हिरवे गोळे बहुतेक वेळा लेन्सवरच्या यूव्ही फिल्टरचे असतात, रात्री तो काढून ठेवा आणि हूड लावा. एक चक्कर मारून कुठल्या बाजूला चेहरे उजळ दिसतात ते बघा, पंचांना विचारून तिथे खाली बसा. आयएसओ आणि लेन्सने जेवढा फरक पडत नाही तेवढा कधीकधी जागा बदलल्याने पडतो.

लेन्सचं स्टॅबिलायझेशन चालू आहे म्हणून शटर कमी ठेवणारेही भेटतात. ते आपला हात सांभाळतं, समोरच्याचं पळणं नाही.

आणि डिसेंबर-जानेवारीत निफाड, दिंडोरीकडे रात्रीची मॅच असेल तर दव पडतं, पुढची काच धुकटते आणि आपल्याला वाटतं फोकस गेला. मऊ कोरडा कपडा खिशात असू द्या, तोंडाने फुंकर मारून पुसू नका, त्याने अजून वाफ बसते. थंडीत बॅटरीपण लवकर उतरते, जास्तीची बॅटरी बॅगेत न ठेवता आतल्या खिशात ठेवा, आणि उतरलेलीपण टाकून देऊ नका, खिशात गरम झाली की फायनलचे दहा-वीस फोटो अजून देते.