विहिरीत सोडलेल्या दगडावरचे गुरुत्वीय बल कसे काढावे

कोल्हापूरच्या आसपास उसाच्या फडाला लागून असलेल्या एखाद्या विहिरीत दगड सोडला, तर पाण्याला टेकेपर्यंत पृथ्वी त्याला किती बलाने ओढते, हे काढण्यासाठी दगडाचे वस्तुमान आणि त्या जागेचे गुरुत्व त्वरण (गुरुत्वामुळे पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जेवढा वाढतो तेवढे) एवढ्या दोनच गोष्टी लागतात. विहीर किती खोल आहे आणि दगड किती वेगाने पडतो आहे, यांचा या गणिताशी संबंध नाही.

दगड किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवावा. समजा ४०० ग्रॅम भरला, तर प्रथम त्याचे ०.४ किलोग्रॅम करून घ्यावेत. ही पायरी गाळल्यास उत्तर हजारपट चुकते. गुरुत्व त्वरण पाठ्यपुस्तकात ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग दिलेले असते आणि शाळेतल्या गणिताला ते पुरते. मात्र पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, त्यामुळे हे मूल्य ध्रुवांवर सुमारे ९.८३, तर विषुववृत्तावर ९.७८ असते. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने येथे ९.७८ घेणेच अधिक योग्य. पन्हाळ्यावर चढून गेलात तरी फरक तिसऱ्या दशांश स्थळाच्या आसपासच पडेल.

आता बल = वस्तुमान × गुरुत्व त्वरण या सूत्राने गुणाकार: ०.४ × ९.७८ = ३.९१ न्यूटन (न्यूटन हे बलाचे एकक). दगड हातातून सुटताना हे बल जेवढे असते, तेवढेच ते दीड सेकंदानंतर, म्हणजे दगड सुमारे ११ मीटर खाली जाऊन त्याचा वेग सेकंदाला साडेचौदा मीटरच्या पुढे गेलेला असतानाही असते. वेग वाढतो म्हणून बलही वाढत असावे, ही समजूत फार खोलवर रुजलेली असते. वस्तुतः वेग वाढतो तो बल कायम राहते म्हणूनच.

दुसरी समजूत याच्या उलट आहे. दगड तानकाट्याला टांगून काट्यासकट सोडला, तर काटा शून्य दाखवतो, आणि त्यावरून पडत्या वस्तूवर गुरुत्वीय बल नसते असा निष्कर्ष काढला जातो. तानकाटा प्रत्यक्षात स्प्रिंगवरचा ताण मोजतो. काटा आणि दगड एकाच त्वरणाने खाली येत असल्यामुळे ताण उरत नाही, पृथ्वीची ओढ मात्र ३.९१ न्यूटन असतेच. म्हणून तानकाट्याने मोजायचे असल्यास दगड स्थिर टांगूनच मोजावे.

काटेकोरपणे मुक्त पतन, म्हणजे फक्त गुरुत्वीय बलामुळे होणारे पडणे, निर्वातातच घडते. आपला दगड गोलसर आणि पाणी सुमारे ११ मीटर खाली असेल, तर पाण्यापाशी पोहोचताना त्याला हवेचा सुमारे ०.२ न्यूटन विरोध होतो, आणि ओढीतून हा विरोध वजा जाऊन निव्वळ बल ३.७ न्यूटनच्या आसपास उरते. उत्तर लिहिताना गुरुत्वीय बल आणि हवेचा विरोध ही दोन बले वेगवेगळी मांडावीत, कारण हवेमुळे गुरुत्वीय बल कमी झालेले नसते. दगड पाण्यावर आपटताना बसणारा दणका हे तिसरेच बल आहे आणि ते वरच्या सूत्राने निघत नाही. त्यासाठी दगडाचा वेग किती वेळात कमी झाला, हे माहीत असावे लागते.